चार टक्क्यांपर्यंत जागा राहिलेला लॅपटॉप

“ही गोष्ट कुणाला पटायची न्हाय. पटली, तर म्या ती नीट सांगितली न्हाय असं समजा.”

असं म्हणून लोहाऱ्याच्या स्टँडसमोरच्या टपरीवर रामहरीबापूंनी बशीतला चहा एका घोटात संपवला. बाकड्यांवर माकणीच्या जीपची वाट बघत सात-आठ माणसं बसली होती. कोण ऐकतंय, कोण नाही, हे न बघताच बापूंनी सुरुवात केली.

१

शुक्रवारी, नवरात्राच्या पाचव्या माळेला, दुपारी चार वाजून सदतीस मिनिटांनी माकणीत एक खून झाला. रक्त सांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. एका लॅपटॉपचा पडदा काळा झाला, एवढंच. पण त्या पडद्यामागं हर्षालीची चार वर्षं होती.

बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाची शेवटची फेरी. एकतीस कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लावायची आणि पाचच्या आत ‘नक्की करा’ हे बटण दाबायचं. हर्षालीनं एकतिसावं कॉलेज लावलं, बटणाकडं बाण नेला आणि समोर अंधार झाला. सूचना नाही, आवाज नाही, ‘बॅटरी संपत आली’ अशी पट्टी नाही. दुपारी दोन ते सहा गावात लाईट नसते, हे लॅपटॉपलाही पाठ होतं. तरी तो असा गेला, जसा चालता माणूस बोलता बोलता पडावा. इन्व्हर्टरची वायर ओढून, लॅपटॉप परत उठवेपर्यंत पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. पोर्टल बंद.

ती जिथं फॉर्म भरत होती ते ऑनलाईन केंद्र बंडप्पाच्या नावावर. घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून त्याची भावजय वर्षाराणी ते चालवायची. त्या संध्याकाळी बंडप्पा ओट्यावर उभा राहिला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, की पोरीला मशीन कळत नाही, सूचना आली असंल, हिनंच बोट लावून घालवली असंल.

 घरी येऊन हर्षालीनं आत्याला सगळं सांगितलं.

आत्या म्हणजे मथुराबाई. लोहाऱ्याच्या टेलिफोन एक्सचेंजवर एकतीस वर्षं नोकरी. तार तुटलेली असली तरी त्यांच्या नुसत्या आवाजानं कॉल उमरग्यापर्यंत पोचायचा. त्या रागावल्या की धरणातलं पाणी दोन बोटं खाली जातं, असं माकणीत मानतात. पाटबंधारेवाल्यांनी पट्टी लावून बघितलंय. त्या शुक्रवारी पाणी हातभर गेलं.

प्रवेशाच्या कार्यालयात त्यांनी अकरा वेळा फोन केला. अकराव्यांदा जो साहेब बोलला तो म्हणाला, की चूक उमेदवाराची नव्हती, केंद्राची होती, असं केंद्रचालकानं कारणासह लिहून सही केली, तर सोमवारी पाचपर्यंत तक्रार घेऊ.

“कारणासह,” मथुराबाईंनी फोन ठेवताना स्वतःशीच म्हटलं. एक्सचेंजची घंटा कधी आपोआप मुकी होत नसते, हे त्यांना एकतीस वर्षांनी शिकवलं होतं. कुणीतरी पिन काढलेली असते.

२

शनिवारी सकाळी त्या वर्षाराणीच्या टेबलासमोर जाऊन बसल्या. चहा आला, तो त्यांनी सरकवून दिला.

वर्षाराणीचे डोळे सुजलेले. तिनं पहिल्यांदा लॅपटॉपची रीत सांगितली. फॉर्म भरणाऱ्यानं इकडंतिकडं बोट लावू नये म्हणून ती पान पडदाभर करून द्यायची. खालची पट्टी, घड्याळ, कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्र, सगळं झाकलं जायचं. म्हणून तर सूचना लावून ठेवलेली. शांतलिंगानं, म्हणजे लोहाऱ्याच्या दुरुस्तीवाल्यानं, दोन टप्पे बसवून दिले होते. पंचवीस टक्के उरले की पडद्यावर पट्टी येणार आणि आवाज होणार. दहा टक्के उरले की लॅपटॉप काम जतन करून आपणहून झोपी जाणार. पट्टी आली की ती उठायची, देवघरातल्या इन्व्हर्टरची वायर अर्धा तास लॅपटॉपला जोडायची. दोन वर्षं असंच चाललं होतं, एकाचंही काम बुडालं नव्हतं.

“मग शुक्रवारी काय झालं?”

शुक्रवारी दुपारी पुरणाचा घाट होता. वर्षाराणी आत होती, कान बाहेर ठेवून.

“कान बाहेर? अन् आवाज?”

वर्षाराणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“आवाज म्या बंद केला, काकू,” ती म्हणाली.

३

मथुराबाई उठल्याच. पण वर्षाराणीनं त्यांचा हात धरला आणि पुरतं ऐकून घ्या म्हणाली.

आवाज साधा नव्हता. शांतलिंगानं हौसेनं वर्षाराणीच्याच आवाजात भरून दिलेला: ‘बॅटरी संपत आली हो, संपत आली.’ गिऱ्हाइकं हसायची. पण सोमवारी घट बसले. देवघर त्याच खोलीला लागून. संध्याकाळच्या आरतीला, सासू द्वारकाबाई अखंड दिव्यात तेल घालत असताना लॅपटॉप खणखणीत बोलला. घट बसलेल्या घरात नऊ दिवस कुणी ‘संपलं’ म्हणत नाही. तेल संपलं तर ‘तेल वाढलं’ म्हणायचं, दिवा विझला हा शब्द तर तोंडात आणायचा नाही. आणि इथं मशीन दिव्याकडं तोंड करून ‘संपत आली’ म्हणतंय. द्वारकाबाईंचा हात हलला, तेल सांडलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

म्हणून आवाज बंद. पण पट्टी ठेवली होती. पट्टी बोलत नाही ना. मंगळवारी पट्टी आली, बुधवारी आली, दोन्ही वेळा वर्षाराणीनं वायर जोडली. शुक्रवारी पुरण शिजत असतानाही ती दर पंधरा मिनिटांनी येऊन पडदा बघत होती. पट्टी नव्हती म्हणून बिनघोर होती.

म्हणजे पट्टी गेली ती बुधवारनंतर. मथुराबाईंनी बोटांवर दिवस मोजले. गुरुवारी सकाळी शांतलिंग एक बटण बदलून गेला होता. गुरुवारी संध्याकाळी बंडप्पानं टीव्हीवर गल्लीला तुळजापूरच्या देवीचं थेट दर्शन दाखवलं होतं, लॅपटॉप जोडून. शुक्रवारी सकाळी उत्कर्षनं फॉर्म भरला होता. सरपंचांचा पुतण्या, त्यालाही हर्षालीच्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजात जायचं होतं.

उत्कर्षचं नाव ऐकून मथुराबाईंचं रक्त तापलं. त्या तशाच त्याच्या दारात गेल्या. पोरगं दाढी करत होतं, अर्ध्या गालाला साबण. त्यानं घाबरून सगळं सांगितलं: आपला फॉर्म भरला, वीस मिनिटांत उठलो, लाईट होती, चार्जर लावलेला होता, बॅटरीकडं बघितलंसुद्धा नाही. “आजी, मला ती सेटिंग कुठं असते ते ठाव न्हाय,” तो म्हणाला.

त्यावर मथुराबाईंनी विश्वास ठेवला नाही. अविश्वासही ठेवला नाही. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि लोहाऱ्याची जीप पकडली. वर्षाराणीनं दिला. बंडप्पाला विचारलं नाही.

जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसल्या असताना त्यांच्या मनात एकच होतं: बॅटरीच खोटी निघाली तर शांतलिंगाला दुकानातून ओढून काढायचं.

४

शांतलिंगाचं दुकान तहसीलच्या मागं. तो मथुराबाईंना बघून उभा राहिला आणि बसायला विसरला.

त्यांनी पहिला सवाल बॅटरीचा केला. जुनी बॅटरी तीस टक्के दाखवून धाडकन शून्यावर येते, हे हर्षालीनं त्यांना सांगितलं होतं. शांतलिंग म्हणाला, बघू. त्यानं लॅपटॉप भरला, चार्जर काढला, आणि दोघं समोर बसले. अडीच तास. मथुराबाईंनी पाणी मागितलं नाही, त्यानं गिऱ्हाईक घेतलं नाही. आकडा शंभरापासून एकेक करत उतरला. तीस, वीस, दहा, पाच. कुठं उडी नाही. बॅटरी निर्दोष.

पण पंचविसाला पट्टी आली नाही. दहाला लॅपटॉप झोपला नाही. दोन टक्क्यांना तो तसाच गेला, हर्षालीसमोर गेला तसा.

शांतलिंगानं परत चार्जर लावला, वीज वापरायच्या सेटिंगमध्ये शिरला आणि तळाशी जाऊन थांबला. ‘बॅटरी कमी झाल्याची सूचना’: बंद. ‘बॅटरी अगदी कमी झाल्यावर काय करायचं’: काहीही करू नका. दोन्ही ठिकाणी, लॅपटॉप बॅटरीवर असतानाच्या रकान्यात.

“हे कुणी केलं?”

“ते मशीन सांगत न्हाय, काकू.”

“मग काय सांगतं?”

शांतलिंगानं काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप केली. लॅपटॉपनं एक पान काढलं. गेल्या तीन दिवसांत तो कधी चार्जरवर होता, कधी बॅटरीवर, किती टक्के होता, सगळं वेळेसकट. मथुराबाईंना असली पानं वाचायची सवय होती. एक्सचेंजला रोज येणारा कॉलांचा तक्ता असाच असायचा.

त्यांचं बोट गुरुवारवर थांबलं. संध्याकाळी सहा चाळीसला चार्जर निघाला, बासष्ट टक्के. आठ दहाला चार्जर परत लागला. तेव्हा चार टक्के. मधे एकदाही झोप नाही.

“गुरुवारी संध्याकाळी गावात लाईट होती,” त्या हळू म्हणाल्या. “टीव्ही चालू होता. मग लॅपटॉपचा चार्जर कशाला काढला?”

 शांतलिंगाच्या कपाळावर घाम आला, आणि मथुराबाईंनी तो बघितला.

५

रविवारी सकाळी मथुराबाई बंडप्पाच्या घरी गेल्या त्या देवघरात. खणा-नारळानं देवीची ओटी भरली, द्वारकाबाईंच्या पाया पडल्या. मग खोलीकडं नजर टाकली. देवघराच्या भिंतीला एकच बोर्ड, बोर्डात चालू असलेलं एकच भोक.

दर्शन कसं झालं, एवढंच त्यांनी विचारलं. द्वारकाबाईंचा चेहरा उजळला. सत्तर माणूस होतं म्हणाल्या, अंगणापर्यंत. टीव्हीची पिन लावायला लॅपटॉपची पिन काढावी लागली. एकाजागी दोन कुठून मावणार? देवी अशी दिसत होती, की हात लावावा. मग मधेच तिच्या पदरावर एक काळी पट्टी आली. काहीतरी लिहिलेलं होतं, त्यांना वाचता आलं नाही, पण पुढच्या बायकांनी वाचलं आणि तोंडाला पदर लावला.

“माझ्या बंडप्पानं लगीच घालवली बघा,” द्वारकाबाई कौतुकानं म्हणाल्या. “कानाला फोन लावून बसला मशीनपाशी. परत म्हणून आली न्हाय.”

मथुराबाईंनी त्यांच्या हातून प्रसाद घेतला. म्हातारीवर त्यांचा राग नव्हता. ओटा उतरेपर्यंत त्या अगदी हळू चालल्या, आणि रस्त्यावर आल्यावर जीपकडं पळाल्या.

लोहाऱ्यात त्यांनी शांतलिंगासमोर तळहात पसरला. फोन दे म्हणाल्या. त्यानं दिला. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे कॉल जोडलेल्या बाईपासून कॉल लपवायचा कसा, हे त्यालाही कळत नव्हतं. गुरुवार, सात एकतीस. आलेला कॉल. बंडप्पा माकणी. चार मिनिटं.

शांतलिंग रडवेला झाला. बंडप्पानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, की देवीच्या अंगावर घाणेरडी पट्टी येतीय, कायमची घालव. चार्जर लाव म्हणालो, तर म्हणाला टीव्ही बंद करावा लागंल. मग म्या एकेक बटण सांगत गेलो. आता तरी मशीन झोपणार न्हाय ना, असं दोनदा विचारलं त्यानं. झोपणारही न्हाय असं करून दिलं. पण दर्शन झालं की परत चालू करा, हे म्या तीनदा सांगितलं, काकू.

“अन् मला अडीच तास बॅटरी बघत बसवलंस.”

शांतलिंगानं त्या दिवशी बंडप्पाला भिऊन तोंड उघडलं नव्हतं. दुकान बंडप्पाचं नव्हतं, पण दुकानाची जागा बंडप्पाच्या मेव्हण्याची होती.

६

सोमवारी सकाळी अकरा वाजता मथुराबाईंनी त्या पुढच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. वर्षाराणी, शांतलिंग, हर्षाली. बंडप्पा खुर्चीत, पायावर पाय. टेबलावर लॅपटॉप, छापलेलं पान, कोरा कागद आणि पेन.

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं नंतर वर्षाराणी म्हणाली. त्यांनी एकेक सांगितलं. उत्कर्ष शुक्रवारी बसला, पण लॅपटॉप गुरुवारीच मुका झालेला होता, म्हणून तो सुटला. वर्षाराणीनं आवाज बंद केला, पट्टी ठेवली. पट्टी बुधवारपर्यंत येत होती, म्हणून वर्षाराणी सुटली. बॅटरी खरी होती. शांतलिंग सकाळी बटण बदलून गेला, तेव्हा त्यानं सूचना बंद केली असती तर संध्याकाळी पट्टी आलीच नसती. ती आली. सत्तर माणसांनी बघितली. म्हणजे पंचवीस टक्क्यांपर्यंत सूचना जिवंत होती.

“दहाला लॅपटॉप झोपायला पायजे होता,” त्यांनी पानावर बोट ठेवलं. “चारपर्यंत जागा राहिला. म्हणजे पंचवीस अन् दहाच्या मधे कुणीतरी त्याचं तोंड बांधलं. तेवढा वेळ मशीनपाशी एकच माणूस बसलेला. बोल, बंडप्पा.”

बंडप्पा हसला. त्याला लॅपटॉप नुसता चालू-बंदसुद्धा करता येत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे म्हणाला. फोनवर तो साडूशी बोलत होता.

मथुराबाईंनी शांतलिंगाकडं बघितलंसुद्धा नाही. शांतलिंगानंच आपला फोन टेबलावर ठेवला. सात एकतीस, चार मिनिटं.

बंडप्पाचा पाय खाली आला.

“बरं, केलं,” तो म्हणाला. “देवीच्या पदरावर ‘संपत आली’ असं लिवून आलं. घट बसलेल्या घरात. सत्तर माणसांसमोर. तुमी काय केलं असतं?”

“चार्जर लावला असता. देवीनं दोन मिनिटं थांबून घेतलं असतं. तिला घाई नव्हती. तुला होती.”

“देवाच्या कामात असं—”

“देवीला मधे घालू नको. गुरुवारी तू भक्तीनं केलंस, मानलं. शुक्रवारी सकाळी परत चालू करायला काय झालं होतं? वर्षाराणीला एक शब्द सांगायला? बरं, तेबी राहिलं. संध्याकाळी ओट्यावर उभा राहून पोरीच्या अंगावर ढकललंस, तेव्हा तुला सगळं ठाव होतं. तेव्हा कुठली देवी होती?”

 हर्षाली पहिल्यांदा बोलली. तिनं बंडप्पाकडं बघून म्हटलं, की काका, मी ती सूचना बोट लावून घालवली नव्हती, हे आता तरी म्हणा.

बंडप्पा म्हणाला नाही. पण पेन त्यानं उचललं. आतून द्वारकाबाईंच्या जपाचा आवाज येत होता. तो लिहायला लागला, आणि लिहिता लिहिता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढं आलं की कागद तीनदा बदलावा लागला. चौथ्या कागदावर त्यानं सगळं कबूल केलं, गुरुवार, सात एकतीस, पट्टी, फोन, आणि खाली सही. तो कागद बरोबर चार वाजून सदतीस मिनिटांनी कार्यालयात पोचला. तिथला साहेब तो वाचून खुर्चीतून उभा राहिला. त्यानं स्वतःच्या हातानं पोर्टल उघडलं, एकट्या हर्षालीसाठी, सतरा मिनिटं. आज पोरगी सोलापूरला पांढऱ्या ड्रेसमध्ये वॉर्डात फिरती, अन् तिथले डॉक्टर मशीन लावायच्या आधी तिला विचारत्यात, की हर्षालीताई, बॅटरी किती—

“खोटं.”

शेवटच्या बाकड्यावरून आवाज आला. पिशवी मांडीवर घेऊन जीपची वाट बघत बसलेल्या मथुराबाई उठल्या होत्या. बापूंची बशी हातात तशीच राहिली. माणसं मागं वळली.

“इथवर बरोबर सांगितलंस, रामहरी. पेन उचलेपर्यंत बरोबर,” त्या म्हणाल्या. “पुढचं खोटं. तो रडला न्हाय. एकच कागद लागला त्याला, अन् त्यावर एकच ओळ लिवली. ‘तांत्रिक कारणामुळे अर्ज अपूर्ण राहिला.’ खाली सही. म्या म्हणलं, कारण लिही. तो म्हणाला, हेच कारण. साहेबानं तो कागद परत पाठवला. कारण दिलेलं न्हाय म्हणाला.”

कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, मग पोरगी?

“पोरगी घरी हाय,” मथुराबाई म्हणाल्या. “यंदाचं वर्ष गेलं. सांगायचं तर हे सांग.”